लंडनच्या लॉ फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट: मराठी विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायचं, त्यासाठी तिथल्या लॉ फर्मकडे अर्ज करायचा, हे ठरवलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. काही जण पुण्या-मुंबईत किंवा नागपूर-संभाजीनगरला लॉच्या चौथ्या वर्षाला असतात, काही आधीच तिकडे एलएलएमला पोचलेले असतात, तर काहींचा जन्मच लेस्टर किंवा हॅरोचा असतो. प्रश्न मात्र बरेचसे तेच येतात. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, ती इथे नाही.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे नोकरी की शिक्षण?

नोकरी, पगारी. साधारण दोन वर्षांची असते आणि बहुतेक मोठ्या फर्ममध्ये सहा-सहा महिन्यांच्या चार तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्यांना ‘सीट’ म्हणतात. एक सीट कॉर्पोरेटमध्ये, एक बँकिंगमध्ये, एक लिटिगेशनमध्ये, एखादी रिअल इस्टेट किंवा एम्प्लॉयमेंटमध्ये. प्रत्येक ठिकाणी एका सीनियरच्या हाताखाली काम शिकायचं. मुंबईच्या जुन्या सॉलिसिटर फर्ममधली आर्टिकलशिप ज्यांना माहीत आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आणि त्याआधीची उमेदवारी त्याच इंग्रजी परंपरेतून आली.

बॅरिस्टर व्हायचं असेल तर?

मग हा रस्ता नाही. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, म्हणून आपल्याकडे ‘विलायतेत वकील होणं’ म्हणजे बॅरिस्टर होणं असंच डोक्यात बसलंय. बॅरिस्टरला इनचं, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेचं, सदस्यत्व, बारचं प्रशिक्षण आणि मग पुपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, लागतं. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करणं हेच ज्याचं खरं प्रेम आहे, त्याने तिकडे जावं. व्यवहार, करार आणि अशिलाशी रोजचा संबंध ज्याला आवडतो, त्याचं काम सॉलिसिटरचं.

एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) आल्यापासून ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची गरज उरली आहे का?

कागदावर नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने, म्हणजे एसआरएने, नवी पद्धत आणली. कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, एसक्यूई १ आणि एसक्यूई २ या परीक्षा, दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी, एवढं झालं की सॉलिसिटर होता येतं. अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पुरा करता येतो. तो इंग्लंडबाहेरचाही चालतो, फक्त तो योग्य व्यक्तीने, बहुधा इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरने, तपासून मान्य करावा लागतो.

व्यवहारात मात्र मोठ्या फर्मचं दार अजूनही ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टनेच उघडतं. शिवाय फर्म परीक्षेची आणि तयारीच्या कोर्सची फी भरते, बऱ्याचदा त्या काळात राहण्या-खाण्याला पैसेही देते. दोन्ही परीक्षांची नुसती फी पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, कोर्सचा खर्च वेगळा. एसक्यूई १ मध्ये १८० अधिक १८० असे ३६० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि ती भारतातल्या केंद्रांवरही देता येते. एसक्यूई २ चा तोंडी भाग द्यायला मात्र इंग्लंड-वेल्सलाच जावं लागतं. २०२१ च्या पहिल्या एसक्यूई १ ला निम्म्याहून थोडेच जास्त, ५३ टक्के, पास झाले. ‘परीक्षा तर देऊन टाकू, नोकरीचं नंतर बघू’ असा विचार करणाऱ्यांनी हा आकडा आणि ती फी शेजारी शेजारी लिहून बघावी.

माझ्याकडे भारतातली सनद आहे. तरी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच घ्यायचं?

सनदधारक वकिलाला ती दोन वर्षांच्या अनुभवाची अट लागू होत नाही. एसक्यूई २ मधून सूट मिळेल का, हे एसआरए तुमची पात्रता आणि अनुभव पाहून ठरवते. म्हणजे तीन-चार वर्षं मुंबईत कॅपिटल मार्केट्स किंवा प्रोजेक्ट फायनान्स केलेल्या माणसाने पुन्हा ट्रेनी होण्यापेक्षा परीक्षा देऊन थेट असोसिएट म्हणून अर्ज करणं शहाणपणाचं. पण सनद काढून सहा महिने झालेत आणि त्यातले चार तारखा घेण्यात गेलेत, तर ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच बरं.

अर्ज कधी करायचा?

तुम्हाला वाटतं त्याच्या दोन वर्षं आधी. यातच सर्वांत जास्त मुलं चुकतात. मोठ्या फर्म सुमारे दोन वर्षांनंतरच्या जागा आज भरतात. लॉचे विद्यार्थी शेवटच्या आधीच्या वर्षात अर्ज करतात, इतर शाखांचे शेवटच्या वर्षात किंवा पदवीनंतर. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतात. व्हेकेशन स्कीम म्हणजे सुट्टीत फर्ममध्ये एक ते चार आठवडे पगारी काम करायचं, आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच, बरेचसे डिसेंबर-जानेवारीपर्यंत, बंद होतात. थेट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्या काही मुदती उन्हाळ्यापर्यंत चालतात. मात्र कित्येक फर्म आपल्या बहुतेक जागा व्हेकेशन स्कीमला आलेल्यांमधूनच भरतात, त्यामुळे स्कीमचा अर्ज हाच खरा अर्ज समजा.

अनेक फर्म अर्ज येतील तसे वाचत जातात. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका. आणि ती शेवटची रात्र कोणाची, तेही बघा: हिवाळ्यात लंडनचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपले पहाटेचे ५:२९. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर हा फरक साडेचार तासांचा होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, आणि नेमके त्याच सुमारास व्हिडिओ इंटरव्ह्यू चालू असतात.

व्हिसाचं काय?

या प्रश्नाला एक ओळीचं उत्तर कोणी दिलं तर त्याच्यापासून लांब राहा. अर्जाचा पहिला शब्द लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारखा मांडा. इंग्रजी, मार्क, मूट कोर्ट या सगळ्यापेक्षा महाराष्ट्रातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा घात तारखा करतात, असं माझं ठाम मत आहे.

समजा तुम्ही सप्टेंबर २०२६ मध्ये एक वर्षाच्या एलएलएमला गेलात. कोर्स सप्टेंबर २०२७ ला संपला, स्टुडंट व्हिसा जानेवारी २०२८ पर्यंत. त्यानंतर ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करण्याचा. तो आतापर्यंत दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बॅचलर्स आणि मास्टर्सवाल्यांना अठराच महिन्यांचा मिळणार. म्हणजे जेमतेम २०२९ च्या मध्यापर्यंत. तुम्ही पोचल्या पोचल्या, २०२६ च्या ऑक्टोबरात, अर्ज केला आणि निवडही झाली, तरी ट्रेनिंग २०२८ किंवा २०२९ च्या शरदात सुरू होणार, आणि त्याआधी फर्मच्या एसक्यूई कोर्सचा काळ वेगळा. या मधल्या महिन्यांत तुम्ही कोणत्या व्हिसावर कुठे असणार, हे तुमच्या कागदावर दिसलं पाहिजे. मधलं वर्ष भारतात येऊन काम करणं हाही सरळ मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोम उन्हाळ्याची. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. बॅचलर्सच्या मुलांना उन्हाळा सुट्टीचा असतो. पण एलएलएमवाल्यांचा उन्हाळा म्हणजे प्रबंधाचा काळ, आणि तो सहसा टर्ममध्येच धरला जातो. म्हणजे जून-जुलैची पूर्णवेळ व्हेकेशन स्कीम तुम्हाला चालणारच नाही, असं होऊ शकतं. नाताळ किंवा ईस्टरच्या सुट्टीतली स्कीम बघा, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ‘या तारखा सुट्टीच्या आहेत’ असं लेखी घ्या. व्हिजिटर व्हिसावर येऊन स्कीम उरकता येत नाही.

ट्रेनिंगसाठी लागतो स्किल्ड वर्कर व्हिसा. त्यासाठी फर्मकडे स्पॉन्सर लायसन्स हवं. ते कोणाकडे आहे याची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे, ती आधी उघडा. पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली. नवीन लागणाऱ्यांना काही अटींवर ती कमी आहे. लंडनच्या ‘सिटी’तल्या, म्हणजे तिथल्या आर्थिक केंद्रातल्या, मोठ्या फर्म ती सहज ओलांडतात. गल्लीतली दहा माणसांची फर्म, जी घरांची कागदपत्रं आणि इमिग्रेशन करते, ती बऱ्याचदा ओलांडत नाही आणि स्पॉन्सरही करत नाही. त्या फर्मने नाही म्हटलं तर ते तुमच्याविषयीचं मत नसतं. नियम बदलतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

ब्रिटिश नागरिकत्व किंवा कायमचं राहण्याचा हक्क असलेल्या मराठी मुलांनी हा सगळा भाग सोडून पुढे जावं.

भारतातून थेट निवड होते का?

होते, पण थोडी. लंडनच्या काही फर्म आपल्याकडच्या निवडक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून मुलं घेत आल्या आहेत. तुम्ही अशा विद्यापीठात नसाल तर ऑनलाइन अर्जाचा रस्ता सगळ्यांसारखाच तुम्हालाही आहे.

फॉर्ममध्ये अनुभव काय लिहू? मी मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप केलेली नाही.

मला वाचायला येणाऱ्या मसुद्यांमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘मी एका नामांकित ज्येष्ठ वकिलांकडे इंटर्नशिप केली व मला बरंच शिकायला मिळालं.’ या वाक्यात वकिलांची कीर्ती आहे, तुम्ही कुठे आहात?

उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या मुलीने सुट्टीत गावच्या वकिलांकडे टायटल सर्चचं काम केलंय. तिला वाटतं हे काय लिहायचं, लंडनमध्ये कोण विचारतंय. पण तिने केलंय काय ते बघा. तीस वर्षांचा सातबारा आणि फेरफार काढले. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स टूचे उतारे पाहिले. एका फेरफारात वारसाची नोंद झालीय, पण एका बहिणीचं नाव राहिलंय, हे तिच्या लक्षात आलं. ते तिने वकिलांना दाखवलं, सर्च रिपोर्टमध्ये तसा शेरा गेला, आणि खरेदीदाराने त्या बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतल्यावरच पैसे दिले. कॉर्पोरेट सीटमधला ट्रेनी पहिल्या महिन्यात नेमकं हेच करतो: कागदांचा ढिगारा वाचायचा, त्यातली उणीव शोधायची, तिची किंमत अशिलाला सांगायची आणि व्यवहार मोडू न देता मार्ग काढायचा. ड्यू डिलिजन्स हेच. फक्त तिथे सातबाऱ्याच्या जागी कंपनीचे करार असतात.

तेव्हा लिहिताना क्रम असा ठेवा: काम काय होतं, तुमच्या वाट्याला नेमकं काय आलं, अडचण कुठे आली, तुम्ही काय ठरवलं, पुढे काय झालं. सातबारा म्हणजे काय हे एका वाक्यात समजावून सांगता आलं पाहिजे, कारण वाचणाऱ्याने तो कधी पाहिलेला नाही. ते वाक्य जमलं की अशिलाला कायदा समजावता येतो याचाही पुरावा आपोआप मिळतो.

वकिलीशी संबंध नसलेली कामंही चालतात. वडिलांच्या किराणा दुकानाची जीएसटीची विवरणपत्रं भरणं, गणेश मंडळाचा हिशोब ठेवणं, कॉल सेंटरची रात्रपाळी, कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रातून लोकअदालतीला जाणं, सगळं चालतं. तिथल्या मुलांच्या अर्जांत पबमधली आणि सुपरमार्केटमधली कामं अभिमानाने लिहिलेली असतात. आपणच उगीच लाजतो.

‘आमचीच फर्म का?’ याला काय उत्तर द्यायचं?

‘जागतिक दर्जाचं प्रशिक्षण’ आणि ‘उत्तम संस्कृती’ हे शब्द खोडा. फर्मचं नाव बदलून तेच उत्तर दुसरीकडे पाठवता येत असेल तर ते उत्तर नव्हे. फर्म कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखा. ज्यांना मॅजिक सर्कल म्हणतात त्या पाच फर्म, म्हणजे ए अँड ओ शिअरमन, क्लिफर्ड चान्स, फ्रेशफील्ड्स, लिंकलेटर्स आणि स्लॉटर अँड मे, दरवर्षी मोठ्या तुकड्या घेतात. लंडनमधल्या अमेरिकन फर्म, उदाहरणार्थ कर्कलंड अँड एलिस किंवा लेथम अँड वॉटकिन्स, तुलनेने कमी ट्रेनी घेतात, पगार जास्त देतात आणि जबाबदारी लवकर टाकतात. शिपिंग, विमा, कामगार कायदा अशा एकाच क्षेत्रात मुरलेल्या फर्म वेगळ्याच. तुम्हाला यातलं काय मानवतं आणि का, एवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरी निम्मं काम झालं. फर्मच्या ट्रेनीशी ओपन डेला किंवा लिंक्डइनवर दहा मिनिटं बोलणं वेबसाइट तीनदा वाचण्यापेक्षा उपयोगाचं. मात्र त्यांना ‘सर, प्लीज रेफर करा’ असा निरोप पाठवू नका. तिथे त्याचा काही उपयोग होत नाही.

कमर्शियल अवेअरनेस म्हणजे रोज फायनान्शियल टाइम्स वाचायचा का?

वाचा, वाईट नाही. पण पाठ केलेल्या बातम्या इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या प्रश्नाला गळून पडतात. त्यापेक्षा एकच प्रकरण धरा आणि त्याच्या मुळाशी जा. मराठी विद्यार्थ्याला तर घरचीच प्रकरणं आहेत.

जग्वार लँड रोव्हर घ्या. २००८ मध्ये ती टाटा मोटर्सने घेतली, म्हणजे मालक बॉम्बे हाउसमध्ये आणि कारखाने सोलिहल, हेलवूड, वुल्व्हरहॅम्प्टनला. २०२५ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सायबर हल्ल्यामुळे कंपनीने संगणक यंत्रणा बंद केली आणि उत्पादन थांबलं ते ऑक्टोबरपर्यंत. ब्रिटिश सरकारने दीड अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी द्यायचं जाहीर केलं. इथपर्यंत बातमी झाली. आता वकिलासारखं बघा. पुरवठादाराने गिअरचे भाग बनवून ठेवलेत, कंपनी घेत नाही. करारात ‘फोर्स मेजर’चं, म्हणजे हाताबाहेरच्या संकटाचं, कलम आहे का, आणि सायबर हल्ला त्यात बसतो का? पुरवठादाराचं बँकेचं कर्ज आहे. त्याची विक्री थांबली तर कर्जाच्या अटी मोडतात का? सायबर विमा होता का, आणि किती? वैयक्तिक माहिती फुटली असेल तर ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना कळवायला कायद्याने ७२ तास मिळतात. ते घड्याळ कधी सुरू झालं? घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचं काय? बाजारात नोंदलेली कंपनी मुंबईत आहे, मग शेअर बाजाराला काय आणि कधी सांगायचं? एका बातमीतून फर्मचे सहा विभाग कामाला लागले. इंटरव्ह्यूला पार्टनर हेच ऐकायला बसलेला असतो: बातमी ऐकून तुम्हाला अशील दिसतो की नाही.

असंच वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटचं टाटा स्टील, जिथली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली. ते तुम्ही स्वतः करून बघा.

वॉटसन ग्लेझर टेस्टची तयारी होते का?

होते. ही तर्कबुद्धी तपासणारी चाचणी अनेक फर्म अर्जानंतर घेतात. अनुमान, गृहीतक, निष्कर्ष, अर्थ लावणं आणि युक्तिवाद पारखणं असे पाच भाग असतात. आपल्या मुलांची गाडी अडते ती बाहेरचं ज्ञान आत आणल्यामुळे. उताऱ्यात जे लिहिलंय तेवढंच खरं मानायचं, आपल्याला काय माहीत आहे ते बाजूला ठेवायचं. सरावाचे मोफत संच मिळतात. कॅटची किंवा क्लॅटची तयारी केलेल्यांना हा भाग फार जड जात नाही.

माझे मार्क कमी आहेत. त्यांच्या ‘टू-वन’शी, म्हणजे वरच्या सेकंड क्लासशी, कसे जुळवायचे?

स्वतः आकडेमोड करून टक्के वाढवू नका. जे मार्कशीटवर आहे तेच लिहा आणि विद्यापीठाची श्रेणीपद्धत एका ओळीत सांगा. मुंबई किंवा पुणे विद्यापीठात लॉला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, हे तिथल्या माणसाला माहीत नसतं. वर्गात किंवा विद्यापीठात क्रमांक असेल तर तो जरूर लिहा. आजारपण, घरातला मृत्यू, पूर, अशा कारणाने एखादं सेमिस्टर बिघडलं असेल तर त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळी जागा असते. तिथे दोन-तीन कोरडी वाक्यं आणि हाताशी पुरावा, बस.

सीव्हीत फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, जात?

यातलं काहीही नको. नाव पासपोर्टवर आहे तसंच, सगळीकडे एकसारखं.

चॅटजीपीटीने अर्ज लिहिला तर कळतं का?

बऱ्याचदा कळतं, कारण तीनशे अर्ज एकाच सुरात येतात. फर्मचं याबाबतचं धोरण वाचा. काहींना व्याकरण तपासलेलं चालतं, काहींना तेही नाही. मराठीत विचार करून आधी मराठीत कच्चं लिहिणाऱ्यांचे अर्ज मला जास्त जिवंत वाटतात, मग त्यांचं इंग्रजी थोडं साधं असलं तरी.

असेसमेंट सेंटरला काय होतं?

लेखी काम, एखादं केस स्टडी, कधी गटचर्चा, आणि पार्टनरचा इंटरव्ह्यू. गटचर्चेत आपली मुलं एकतर गप्प बसतात किंवा वादविवाद स्पर्धा समजून तुटून पडतात. दुसऱ्याचा मुद्दा उचलून पुढे नेणारा माणूस तिथे उठून दिसतो. पार्टनरने तुमच्या मताला विरोध केला तर लगेच ‘येस सर’ नको आणि हट्टही नको. नवीन मुद्दा आला तर मत बदला, नुसता आवाज चढला म्हणून नको. तिथे पार्टनरला नावानेच हाक मारतात. पहिल्यांदा जीभ अडखळते, पण सवय करा.

पगार किती?

२०२४ पासून मॅजिक सर्कलमध्ये ट्रेनीला पहिल्या वर्षी ५६,००० पौंडांच्या आणि सॉलिसिटर झाल्यावर दीड लाख पौंडांच्या घरात मिळू लागले. छोट्या फर्ममध्ये आणि लीगल एडच्या कामात बऱ्याचदा याच्या निम्म्यानेही मिळत नाही. रुपयांत गुणाकार करून हुरळण्याआधी लंडनचं घरभाडं बघा.

एक एजंट पैसे घेऊन ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळवून देतो म्हणतो.

फोन ठेवा. खरी फर्म तुम्हाला पगार देते, तुमच्याकडून पैसे घेत नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र विकणारेही आहेत. खोटा अनुभव दाखवला तर एसआरएच्या चारित्र्य तपासणीत नाव जातं, आणि अप्रामाणिकपणाचा शेरा इतर कोणत्याही उणिवेपेक्षा महाग पडतो. फर्म खरी आहे का, हे एसआरएच्या यादीत दोन मिनिटांत तपासता येतं.

किती अर्ज करू?

नीट केलेले आठ-दहा. घाईत केलेले पन्नास म्हणजे पन्नास नकार, आणि त्यातल्या एखाद्यात दुसऱ्याच फर्मचं नाव राहिलेलं.

ट्रेनिंगला जाताना सनदेचं काय करायचं?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली चालू ठेवता येत नाही. त्यामुळे सनद काढलेली असेल तर जाण्याआधी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला नोकरीबद्दल लेखी कळवून सनद स्थगित करून घ्या आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. परत आल्यावर सनद पुन्हा चालू करण्यासाठी अर्ज करताना ती लागेल. एसआरएही तुम्ही जिथे जिथे वकील म्हणून नोंदलेले आहात तिथलं वर्तन विचारते. तेव्हा बार कौन्सिलकडून तसं प्रमाणपत्र मागायला वेळ लागतो हे धरून महिना-दोन महिने आधीच अर्ज टाका.